दिल्लीच्या कपाटांत झाडीचा नाच
संगीत नाटक अकादमी आणि तिच्या ग्रंथालयाची कहाणी

स्मरणिकेतला ‘संस्थेचा इतिहास’ बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. स्थापनेची तारीख, पहिले अध्यक्ष, इमारत निधी, देणगीदारांची यादी आणि शेवटी खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या कार्यकारिणीचा फोटो. या स्मरणिकेच्या संपादकांनी मात्र वेगळीच मागणी केली. दंडार, खडी गंमत, गोवाऱ्यांचा नाच या झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, लोककलांवर कुणाला अभ्यास करायचा झाला तर ज्या संस्थेचे दार ठोठावावे लागते तिचा इतिहास लिहा, म्हणाले. म्हणून भंडाऱ्याच्या स्मरणिकेत दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीबद्दल, तिच्या ग्रंथालयाबद्दल आणि ध्वनिचित्रसंग्रहाबद्दल हा लेख आहे. तिचा आपला संबंध काय, असे कुणी विचारेल. संबंध आहे, पण तो आपल्यालाच शोधून काढावा लागतो.

आधी मूळ अडचण सांगतो. गाणे वहीत उतरते, नाटकाची संहिता राहते, चित्र तर कागदावरच असते. नाच मात्र नाचणाऱ्याबरोबर घरी जातो. भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. गोवारी ढाल नाचवत येतात. दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत, रात्री नाटक. ढोलकी, टाळ, डफ, तुणतुणे, मागे सूर धरणारे झिलकरी आणि पुढे लुगडे नेसून नाचणारा गावातलाच एखादा पोरगा. पायातले घुंगरू सुटले की त्या नाचाचे काय उरते? गाण्यांची वही उरते, कुणाच्या मोबाइलवर दोन-चार मिनिटांची चित्रफीत उरते आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी उरतात. एवढ्या सामानावर इतिहास उभा करायचा असतो.

नृत्याचे ग्रंथालय वेगळे का लागते, ते इथे कळते. एरवीच्या वाचनालयात पुस्तक मिळाले की काम भागते. नृत्याच्या ग्रंथालयात पुस्तकाइतकीच किंमत कार्यक्रमपत्रिकेला, वर्तमानपत्राच्या कात्रणाला, फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या नावाला आणि फिल्मच्या गंजक्या डब्याला असते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९४४ पर्यंत नृत्याचे साहित्य संगीत विभागाच्या कपाटांत पडून होते. पुढे ते जिनेव्हीव्ह ओसवाल्ड या बाईंच्या हाती आले. त्यांनी चार दशके चिकाटीने गोळा करत ते इतके वाढवले की १९७४ मध्ये त्याची सूचीच दहा खंडांत छापावी लागली. जगातला सर्वांत मोठा नृत्यसंग्रह म्हणून आज त्याचेच नाव घेतात. सांगायचे एवढेच की असा संग्रह कुणाच्या तरी गोळा करण्याच्या वेडातून उभा राहतो. सरकारी ठराव नंतर येतो.

आपल्याकडे ठराव आधी आला. १९४५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीने सरकारकडे एक प्रस्ताव धाडला होता. राष्ट्रीय सांस्कृतिक न्यास काढावा आणि त्याच्या छत्राखाली तीन अकादम्या असाव्यात, असा तो प्रस्ताव. एक नृत्य, नाट्य आणि संगीताची, दुसरी साहित्याची, तिसरी चित्र, शिल्प आणि वास्तुकलेची. इंग्रजांची आवराआवर सुरू होती, प्रस्ताव तसाच राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये कलकत्त्याला आणि १९५१ मध्ये दिल्लीला परिषदा भरल्या आणि पुन्हा तीच शिफारस झाली. अखेर ३१ मे १९५२ रोजी शिक्षण मंत्रालयाचा ठराव निघाला आणि २८ जानेवारी १९५३ रोजी संसद भवनात राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते अकादमीचे उद्घाटन झाले. मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश पी. व्ही. राजमन्नार हे पहिले अध्यक्ष. साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी त्यानंतर, १९५४ मध्ये आल्या. म्हणजे तिघींत थोरली ती हीच.

त्या जानेवारीत आपला भंडारा जिल्हा कुठे होता? मध्य प्रदेशात, आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. ही शाळेत पाठ केलेली माहिती ग्रंथालयात एकदम कामाची ठरते, ती कशी ते पुढे सांगतो.

सुरुवातीच्या वर्षांत अकादमीने कामाचा धडाका लावला. १९५४ मध्ये इंफाळला मणिपुरी नृत्याची संस्था काढली, १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९६४ मध्ये कथक केंद्र. यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. संशोधकाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे काम म्हणजे ओळीने झालेले चार परिसंवाद. १९५५ मध्ये चित्रपटाचा, १९५६ मध्ये नाट्याचा, १९५७ मध्ये संगीताचा आणि १९५८ मध्ये नृत्याचा. यांतला शेवटचा आपल्या कामाचा, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

१९५८ चा नृत्य परिसंवाद म्हणजे स्वतंत्र भारतात नाचाला दर्जा वाटण्याचा पहिला मोठा प्रसंग. देशभरचे जाणकार जमले, निबंध वाचले गेले, प्रात्यक्षिके झाली. ओरिसाच्या कालीचरण पटनायकांनी ओडिसीवर निबंध वाचला. त्या काळी ओडिसीला ‘शास्त्रीय’ म्हणायचे की नाही यावरच वाद होता. ग्रंथ, मंदिरातली शिल्पे, गुरूंची परंपरा असा पुरावा मांडत तिच्या बाजूच्या मंडळींनी ती बाजू पुढे नेली आणि काही वर्षांतच ओडिसी मानाच्या पंगतीला बसली. कुचिपुडीच्या लोकांना मात्र या परिसंवादात आपल्याला डावलले असे वाटले. ते रुसून बसले नाहीत. १९५९ मध्ये आंध्र प्रदेशच्या राज्य अकादमीने हैदराबादला खास कुचिपुडीसाठी परिसंवाद भरवला. आपले गुरू, आपल्या संहिता, आपले प्रयोग सगळे एका मांडवाखाली आणून त्यांनी स्वतःचे दप्तर स्वतः तयार केले. आज कुचिपुडीच्या दर्जाबद्दल कुणी प्रश्न काढत नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवली. दंडारीला शास्त्रीय दर्जा मिळवून द्या, असे माझे म्हणणे नाही. दंडारीला त्याची गरज नाही आणि तो मिळाला तर तिचे काय होईल याची मला भीतीच वाटते. पण कुठल्याही नाचाबद्दल दिल्लीत काय बोलले जाते ते त्या नाचाच्या लोकांनी टेबलावर काय ठेवले यावर ठरते. परिसंवादाला निबंध गेला तर तो पुढे नियतकालिकात छापला जातो, नियतकालिक ग्रंथालयात जाते, ग्रंथालयातून प्रबंधात आणि प्रबंधातून पाठ्यपुस्तकात. निबंधच गेला नाही तर पुढची सगळी साखळी कोरी राहते.

१९६१ मध्ये संस्था नोंदणी कायद्याखाली अकादमीची रीतसर नोंद झाली. त्याच सुमारास रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त वास्तुशिल्पी हबीब रहमान यांनी उभारलेले रवींद्र भवन दिल्लीच्या मंडी हाउस भागात तयार झाले आणि तिन्ही अकादम्या एका आवारात आल्या. ग्रंथालय तिथलेच. तिथे वाद्यांचे दालनही आहे आणि १९६४ मध्ये त्याचे उद्घाटन व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी केले. डफ आणि ढोलकीवर काम करणाऱ्याने ते जरूर पाहावे. आपल्या वाद्यांचे भाऊबंद कुठल्या कुठल्या प्रांतांत आहेत ते एका फेरीत दिसते. १९६५ पासून अकादमीचे ‘संगीत नाटक’ हे नियतकालिक निघू लागले. १९५८ च्या परिसंवादातले निबंधही त्यातच विशेषांकाच्या रूपाने छापून आले. कपिला वात्स्यायन यांचा साहित्य आणि शिल्पांतून भारतीय नृत्याचा माग काढणारा मोठा ग्रंथ अकादमीनेच १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. लोकनृत्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ चा, तो दुसऱ्या प्रकाशकाकडून आला.

या इतिहासात मला सर्वांत आवडणारा माणूस मोहन खोकर. अकादमीत नृत्याचे काम पाहणारे अधिकारी आणि त्याआधी बडोद्याच्या विद्यापीठात नृत्य विभागाचे प्रमुख. कचेरीचे काम ते करतच, पण घरी त्यांनी स्वतःचा वेगळा संसार मांडला होता. नाचाशी संबंध असलेली कुठलीही वस्तू त्यांना चालत असे. फोटो, पत्रिका, पोस्टर, कात्रणे, बाहुल्या, पोस्टाची तिकिटे, अगदी नर्तकीचे चित्र असलेल्या काडेपेट्यांची लेबलेसुद्धा. शहाण्या माणसाला हे खूळ वाटेल. पण एखाद्या काळी सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे नर्तकी कशी होती हे काडेपेटीवरून जेवढे कळते तेवढे ग्रंथावरून कळत नाही. १९९९ मध्ये खोकर गेले. त्यांचा संग्रह पुढे दिल्लीच्याच इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या आणि कपिला वात्स्यायनांनी उभ्या केलेल्या त्या केंद्राचे संदर्भ ग्रंथालयही मोठे आहे. त्यामुळे दिल्लीला जायचेच तर दोन्ही ठिकाणे एका खेपेत करावीत. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे १९८२ पासूनचे ध्वनिसंग्रहालय आहे. लोकसंगीताच्या मूळ ध्वनिमुद्रणांसाठी ते तिसरे ठिकाण.

आता वापराकडे येऊ. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून नागपूर आणि तिथून रात्रीच्या गाडीने दिल्ली हे सोपे आहे. ग्रंथालयाच्या सूचीपुढे बसल्यावर काय शोधायचे, ते अवघड. पहिल्यांदा जाणारा विद्यार्थी ‘महाराष्ट्र’ काढतो आणि त्याला लावणी, तमाशा, कोळीनृत्य, लेझीम भेटते. तो समजतो की झाडीपट्टीचे इथे काही नाही. इथेच मघाची तारीख उपयोगी पडते. १९५६ च्या आधीचा कागद हवा असेल तर ‘मध्य प्रदेश’ पाहायचे, त्याच्याही आधीचा असेल तर ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’. १९५६ ते १९६० साठी ‘मुंबई राज्य’. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदीत गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी ही गावे भंडारा जिल्ह्यातच सापडतील. उलट आज गोंदियाच्या नावाने सांगितली जाणारी एखादी गोष्ट जुन्या कागदात भंडाऱ्याच्या खाती असेल. एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे काम झाले.

दुसरे म्हणजे नाच शोधताना नुसता ‘नाच’ शोधू नये. जुन्या लेखकांनी आपले नाच जातींच्या प्रकरणांत, सणांच्या प्रकरणांत, कुठे कुठे तर शेतीच्या प्रकरणात लिहून ठेवले आहेत. रसेल यांनी संपादलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ चे. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड १९१६ चे, त्यात गोंड आणि गोवारी यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केलेले गोंडांविषयीचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले, त्यात लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाचे गीत आहे. गाण्याच्या बोलीसाठी ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड, १९०५. १९६१ च्या जनगणनेबरोबर महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांचा एक स्वतंत्र खंड निघाला होता, मंडईसाठी तो चाळावा. ही सगळी पुस्तके गोऱ्या किंवा सरकारी डोळ्यांनी पाहून लिहिलेली आहेत हे खरे. पण त्यांतली गावांची नावे, सणांचे दिवस, वाद्यांची यादी यांना तोड नाही. लेखकाचे मत बाजूला ठेवावे आणि तपशील उचलावा.

शामराव हिवाळे यांचे नाव मी वेगळे घेतो, कारण मराठी माणसांनाच ते फारसे ठाऊक नाही. १९३२ मध्ये, पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या व्हेरियर एल्विनबरोबर हे मराठी गृहस्थ मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले आणि गोंड-परधानांच्या गाण्यांचा मोठा साठा त्यांनी गोळा केला. मैकल डोंगरातल्या लोकगीतांचे दोघांचे पुस्तक १९४४ चे, परधानांवरचे हिवाळ्यांचे स्वतःचे १९४६ चे. एल्विनचे नाव जगभर झाले, हिवाळे तळटिपेत राहिले. आपल्या उत्तरेला लागूनच हा मुलुख सुरू होतो. त्यामुळे दंडारीवर काम करणाऱ्याने ही दोन्ही पुस्तके हाताखालून घालावीत.

आणि एक सावधगिरी. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ १९४८ चा. तिथे दिवाळीच्या सुमारास चालणारी दंडारी आहे, सविस्तर आहे. आपला विद्यार्थी ती पाहतो आणि हरखून जातो, दिवाळी तीच आणि नावही जवळपास तेच! लगेच प्रबंधात वाक्य पडते की झाडीपट्टीची दंडार मूळ गोंडांची. असेलही. पण नावातला सारखेपणा हा पुरावा नव्हे. आदिलाबादची दंडारी कोण नाचतात, कुणासाठी नाचतात, गावोगाव का फिरतात, सोंगे कोणती, वाद्ये कोणती, हे सगळे एका बाजूला मांडून आणि आपल्या मंडईतली दंडार दुसऱ्या बाजूला मांडून तुलना केली पाहिजे. तुलनेअंती काय निघेल ते निघो.

याच रोगाचा दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक लोकनाचाला भरतमुनींच्या दाराशी नेऊन बसवणे. नाट्यशास्त्र मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८९४ मध्ये छापले तेव्हापासून मराठी अभ्यासकाला ते हाताशी आहे, आणि हाताशी असलेले हत्यार चालवायचा मोह होतोच. ग्रंथांकडेच वळायचे तर मी शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकराकडे बोट दाखवीन. तेराव्या शतकात, यादव सिंघणाच्या आश्रयाने, देवगिरीला बसून लिहिलेला हा ग्रंथ. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९६-९७ मध्ये छापला. ग. ह. तारळेकरांचे मराठी भाषांतर साहित्य संस्कृती मंडळाने काढले. त्याचा सातवा अध्याय नृत्याचा आहे आणि त्यात मार्गी नृत्याबरोबर देशी म्हणजे प्रांतोप्रांतीच्या नाचांनाही जागा आहे. त्याच शतकात ओरंगळला जायसेनापतीने लिहिलेली नृत्तरत्नावली देशी नाचांबद्दल आणखी मोकळेपणाने बोलते. दक्षिणेला गोदावरीपलीकडे ओरंगळ, पश्चिमेला देवगिरी, अलीकडच्या मुलखात आपण. मला तरी हा धागा भरतमुनींपेक्षा जवळचा वाटतो. पण तोही धागाच आहे. त्याचा दोर समजून कुणी विहिरीत उतरू नये.

चित्रफीत हाती आली तर काय करायचे, हेही सांगून ठेवतो. असे संग्रह बहुतेक ठिकाणी तिथेच बसून पाहावे लागतात. प्रत हवी तर अर्ज, कारण आणि शुल्क. म्हणून पाहण्याची शिस्त हवी. पहिल्यांदा आवाजासकट सबंध पाहावे, काही लिहू नये. दुसऱ्यांदा आवाज बंद करून नुसते पाय पाहावेत. कुठला पाय आधी पडतो, टाच आपटते की पंजा, गिरकी उजवीकडून की डावीकडून, ओळ आहे की गोल, ओळ असेल तर तिची तोंडे कुणाकडे. तिसऱ्यांदा फक्त ढोलकीवाला. तो नाच्याकडे पाहतो की नाच्या त्याच्याकडे? हे एक कळले की ठेका कोण चालवतो ते कळते आणि त्या नाचात कुणाचे चालते तेही. चौथ्यांदा मागची माणसे, म्हणजे झिलकरी, प्रेक्षक, मांडव, उजेड. कंदील आहे, पेट्रोमॅक्स आहे की वीज, एवढ्यावरून कितीदा साल बांधता येते. प्रत्येक नोंदीपुढे मिनिट आणि सेकंद लिहावे. पंधरा मिनिटांच्या फितीला एक दिवस सहज जातो.

मग गावी यावे आणि जुन्या दंडारकराला त्याच गोष्टी विचाराव्यात. लेखी प्रश्नावली काढली की तो अदबीने बसतो आणि तुम्हाला हवे ते उत्तर देतो. चाल लावून विचारले की उठून उभा राहतो.

आता वहीबद्दल. आपल्याकडच्या गाण्यांच्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. हिशेबाची लांब वही, कोपरे मुडपलेले, पानांवर तेलाचे डाग, शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफलेले. संशोधकाचे लक्ष गाण्यावर जाते, पण खरा खजिना असतो गाण्याच्या डोक्यावर, ‘चाल’ या शब्दापुढे. तिथे दुसऱ्या एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द असतात. ते गाणे सिनेमातले असेल तर सिनेमाचे साल काढता येते, आणि दंडारीचे ते गाणे त्या सालाच्या आधीचे असू शकत नाही. चाल एखाद्या जुन्या दंडारीचीच असेल तर कुठली वही कुठल्या वहीच्या आधीची याचा अंदाज लागतो. मंडईची छापील पत्रकेही अशीच कामाची. त्यांवर गाव, तारीख, मंडळ, शाहिराचे नाव आणि अगदी तळाशी बारीक टाइपात छापखान्याचे नाव असते. असली पत्रके आपण दुसऱ्या दिवशी शेवचिवड्याच्या पुड्या बांधायला देतो. खोकर असते तर त्यांनी ती पेटीत घातली असती.

नक्कल करताना एक पथ्य पाळावे. वहीत ‘पानी’ असेल तर ‘पानी’च उतरवावे, ‘डोरा’ असेल तर ‘डोरा’. शुद्धलेखन सुधारण्याच्या भरात आपल्याच मास्तरांनी झाडीबोलीचा किती पुरावा पुसून टाकला असेल! साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या चळवळीतून, शब्दकोशातून आणि दंडारीवरच्या लेखनातून या बोलीला लेखी जगात उभे केले. ते काम हाताशी असताना ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

दिल्ली लांब पडते त्यांच्यासाठी जवळची ठाणीही सांगतो. नागपूरला १९२३ पासूनचा विदर्भ साहित्य संघ आहे. तिथेच १९८६ पासूनचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, आणि महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणाही त्याच्या कक्षेत येत असल्यामुळे तुलनेला ते सोयीचे. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे एनसीपीए, १९६९ पासून आहे. डॉ. अशोक रानडे यांनी तिथे अनेक वर्षे काम केले. त्यांचे ‘लोकसंगीतशास्त्र’ वाचल्याशिवाय लोकनाचावर लिहू नये असे माझे मत आहे, कारण पायाच्या आधी कान तयार लागतो. इंडियन नॅशनल थिएटरच्या संशोधन केंद्रातर्फे अशोकजी परांजपे यांनी महाराष्ट्रभर फिरून लोककलांचे संकलन केले. जुहूच्या नालंदा नृत्य संशोधन केंद्राची सुरुवात १९६६ मध्ये डॉ. कनक रेळे यांनी केली. मोहिनीअट्टम जवळजवळ लोपायला आला असताना १९७० च्या सुमारास त्या कॅमेरा घेऊन केरळात गेल्या, उतारवयाला आलेल्या नर्तकींचे नृत्य चित्रित करून घेतले आणि त्या सामग्रीवरून त्या नाचाचे तंत्र नव्याने मांडले. १९७७ मध्ये त्यावर मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. संग्रह आधी आणि सिद्धांत नंतर, हा क्रम त्यांनी उलटू दिला नाही. घरबसल्या पाहायचे तर विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत, त्यात पूर्व विदर्भातल्या लोककलांवरचेही सापडतात.

अकादमीबद्दल शेवटी थोडे परखड बोलायला हवे. तिन्ही अकादम्यांच्या कारभाराची चौकशी वेळोवेळी झाली, १९७२ मध्ये न्यायमूर्ती खोसला समितीचा अहवाल आला आणि १९९० मध्ये हक्सर समितीचा. दोन्ही वेळा गाजली ती नेमणुका आणि अधिकारांची चर्चा. वर्तमानपत्रांना अकादमी आठवते ती पुरस्कारांच्या यादीपुरती. ग्रंथालयात गेल्या वर्षी काय आले, कुठल्या जिल्ह्याचे काहीच आले नाही, याची बातमी कधी होत नाही. संस्थेचा इतिहास लिहिताना अध्यक्षांची नावे सांगणे सोपे असते, म्हणून तीच सांगितली जातात. माझ्या मते सत्तरहून अधिक वर्षांच्या या संस्थेचे सर्वांत टिकाऊ काम पुरस्कार नाही, महोत्सवही नाही. तिच्या कपाटांत आणि डब्यांत जे साठले ते टिकाऊ काम. आणि झाडीपट्टीचा वाटा त्यात वाढवायचा असेल तर दिल्लीकडे तक्रार करून भागणार नाही. कुचिपुडीवाल्यांनी १९५९ मध्ये जे केले ते करावे लागेल.

तेव्हा भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या सातही तालुक्यांतल्या वाचकांना विनंती. ज्यांच्या घरी दंडारीची किंवा खडी गंमतीची वही आहे त्यांनी ती कुणाला देऊ नये, स्वतःकडेच ठेवावी. मोबाइलवर पानन्‌पान फोटो मात्र काढावेत, मागच्या कोऱ्या पानासकट. एका कागदावर गाव, मंडळाचे नाव, वही कुणाची, कुणी लिहिली, साधारण कधीची, चाली कुणाला येतात, एवढे लिहून तो कागद पहिल्या फोटोत यावा. मंडईच्या पत्रकाची एक प्रत बाजूला काढून ठेवावी. यंदा नाचाचे चित्रीकरण करणाऱ्यांनी पाय दिसतील असा कॅमेरा धरावा, आणि नाचणाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी. या सगळ्याची एक प्रत गावच्या वाचनालयात, एक नागपूरच्या केंद्रात आणि एक अकादमीच्या ग्रंथालयाला पत्रासह पाठवावी. पाठवल्याची पोच जपून ठेवावी. हे काम भाऊबिजेपर्यंत सुरू करावे, कारण मंडया एकदा सुरू झाल्या की कुणाला सवड नसते.